हिच्या हाताला बसणारं पिस्तूल

पहिलं रिव्हॉल्व्हर मी निवडलं. एका शनिवारी दुपारी, दुकानाच्या काउंटरवर उभं राहून, हिला न विचारता. स्मिथ अँड वेसनचं ६४२. पाच गोळ्या, दोन इंचांहून आखूड नळी, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट, वजन जेमतेम चारशे दहा ग्रॅम. गोळीवर आपटणारा घोडा आतल्या आत असल्यामुळे कपड्यात अडकायचा प्रश्न नाही. सेफ्टीचं बटण नाही, मुठीत सरकवायचं गोळ्यांचं मॅगझिन नाही, चाप ओढला की गोळी. काउंटरपलीकडचे गृहस्थ म्हणाले, बायकोसाठी म्हणून लोक हेच नेतात. मला ते पटलं. हात लहान, तर हत्यारही लहान हवं, इतका साधा हिशोब मी केला होता.

पुढच्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर हिनं त्यातून तीन गोळ्या झाडल्या. चौथी झाडली नाही. नळी समोर ठेवून रिव्हॉल्व्हर फळीवर ठेवलं आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून उभी राहिली. कॉलेजात असताना कर्वे रस्त्यावर स्कूटरवरून पडून तेच मनगट मोडलं होतं. मला ते माहीत होतं. निवडताना आठवलं नाही, हे मला अजून टोचतं.

आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. मी तेलविहिरींच्या कामावर असतो, महिन्यातले दहा-बारा दिवस मिडलंडकडे. ही एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. मुलगा तेरा वर्षांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी मिडलंडला असताना रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी आमचं मागचं सरकतं दार हलवून पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडली. ही मुलाला घेऊन वरच्या बाथरूममध्ये शिरली, आतून कडी लावली आणि पोलिसांना बोलवायचा ९११ लावला. पोलीस अकरा मिनिटांत आले. तोवर तो माणूस निघून गेला होता, काही नेलंही नव्हतं. अकरा मिनिटं म्हणजे उशीर झाला असं मी म्हणणार नाही. वस्ती केवढी पसरलेली आहे ते आम्ही बघतो. पण ती अकरा मिनिटं दाराला पाठ लावून, मुलाच्या तोंडावर हात ठेवून बसलेल्या बाईला कशी गेली असतील, ते मला फोनवरच्या तिच्या आवाजात ऐकू आलं.

आठवडाभरानं तिनंच विषय काढला. “तू नसताना ते दार उघडलं असतं तर माझ्याकडे काय होतं?”

बंदूक ही आमच्या दोघांच्याही घरात सहज येणारी वस्तू नव्हती. माझ्या आजोबांकडे कणकवलीजवळच्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि सगळं आटोपल्यावर परत आणायची. मला बंदुकीपेक्षा ती हेलपाटी आणि परवान्याची पिवळी पडलेली वही जास्त आठवते. हिच्या माहेरी पुण्यात खंडेनवमीला पूजेला विळी, कात्री आणि वडिलांचे पाने-पक्कड. इथे आल्यावरही ग्रीन कार्ड मिळेपर्यंत प्रश्नच नव्हता. नोकरीच्या एच-वन किंवा जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, केंद्राच्या कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. आपल्यातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. कायम वास्तव्याचा हक्क मिळाला की बंदी उठते.

पिस्तुलाआधी आम्ही घर पक्कं केलं, आणि हे आधी केलं याचं मला समाधान आहे. दाराच्या चौकटीतल्या पट्टीचे अर्ध्या-पाऊण इंचाचे स्क्रू काढून तीन इंची बसवले, म्हणजे ते चौकटीतून भिंतीच्या आतल्या लाकडात जातात. लाथेला दार सहज फुटत नाही ते यामुळे. सरकत्या दाराच्या खाचेत दांडा, खालच्या काचांना जाड फिल्म, मागच्या अंगणात हालचाल झाली की लागणारे दिवे, अलार्म. या सगळ्याला मिळून त्या रिव्हॉल्व्हरपेक्षा फार जास्त खर्च आला नाही. तरीही ही म्हणाली की यानं वेळ वाढेल, पण ती वेळ संपल्यावरचं उत्तर तिला हवंच आहे. त्याच्या आदल्या काही रात्री ती बैठकीच्या खोलीत दिवा लावून झोपली होती.

आणि मग मी ते ६४२ आणलं.

ते का चुकलं, हे मला नंतर नीट समजलं. गोळीतली दारू तेवढीच, मग हत्यार जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त. पोलादी, जड रिव्हॉल्व्हर तो धक्का स्वतःच्या वजनात जिरवतं. चारशे दहा ग्रॅमचं जिरवत नाही, सगळा अंगठ्याच्या मुळाशी देतं. दुसरी गोष्ट चापाची. घोडा आत असल्यामुळे तो प्रत्येक वेळी चापानंच मागे ओढावा लागतो, आणि त्याला साधारण बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. अर्ध्या किलोहूनही हलक्या वस्तूवर एका बोटानं साडेपाच किलो ओढायचं आणि नळी हलू द्यायची नाही! त्यात नळी आखूड, त्यामुळे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांत अंतर इतकं कमी की हाताची केसभर चूक सात यार्डांवर वीतभर होते. ही रिव्हॉल्व्हरं वाईट नाहीत. वर्षानुवर्षं सराव केलेले लोक ती घोट्याला किंवा खिशात बाळगतात. नवशिक्याच्या हातात मात्र ती फार अवघड, आणि बायकांना नेमकी तीच दिली जातात.

मी ते त्याच दुकानाला परत विकलं. पैसे कमी आले. यानंतर मी काही सुचवायचं नाही, विचारलं तरच बोलायचं, असं ठरवलं आणि हिनं एका इनडोअर रेंजवरच्या बायकांच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या एका खात्यातून निवृत्त झालेल्या, साठीच्या पुढच्या. मला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. पहिला दीड तास कुणाच्या हाती खरं पिस्तूल आलंच नाही. चार नियम: प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, नेम लागेपर्यंत बोट चापावर जाऊ द्यायचं नाही, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते ओळखायचं. हे निळ्या प्लॅस्टिकच्या पिस्तुलावर घोटून घेतलं. कुणाचं बोट आत गेलं की बाई थांबायच्या, ओरडायच्या नाहीत, फक्त त्या बोटाकडे बघायच्या.

मग डोळे तपासले. दोन्ही तळहात समोर धरून अंगठ्यांमध्ये लहानसा त्रिकोण करायचा, त्यातून भिंतीवरची खूण बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खूण दिसत राहते तो प्रमुख. ही उजवखोरी, पण तिचा डावा डोळा प्रमुख निघाला. इतकी वर्षं दोघांनाही पत्ता नव्हता. रेंजवर त्या तीन गोळ्या डावीकडे का गेल्या, त्याचं निम्मं कारण इथं होतं. बाईंनी डोळा मिटायला सांगितलं नाही. पिस्तूल जरासं डाव्या डोळ्यासमोर आणायला सांगितलं, एवढंच.

पुढचे तीन शनिवार आम्ही त्याच रेंजवर भाड्यानं पिस्तुलं घेऊन काढले. माझ्या मते पैसे घालवायची खरी जागा हीच. काउंटरवर हातात धरून काही कळत नाही, तिथं सगळी चांगली वाटतात.

रुगरचं एलसीपी घेतलं. २००८ साली बाजारात आलं ते त्याच्या चिमुकलेपणामुळेच गाजलं. वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, तळहातात मावतं. गोळी ३८० एसीपी मापाची, नेहमीच्या नाइन एमएम मापापेक्षा सौम्य. पण हत्यारच इतकं बारीक की करंगळीला जागा नाही, आणि सौम्य गोळीही हाताला चावते. एक मॅगझिन झाडून हिनं ते परत दिलं. मग जुन्या धाटणीचं, ब्लोबॅक पद्धतीचं एक ३८०. ते जड होतं, धरायला छान, पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, हिला पुरती मागे खेचता येईना. त्या पद्धतीत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, गोळी सुटताना स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग थोपवतात, म्हणून स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. रेंजवरच्या पोरानं “ताकद लावा” म्हटलं. बाईंनी त्याला बाजूला केलं आणि दाखवलं: स्लाइड चिमटीत धरून ओढायची नाही, वरून अख्ख्या पंजानं पकडायची, पिस्तूल छातीजवळ आणायचं, उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं आणि डाव्यानं स्लाइड जागेवर धरायची. खांद्याचे स्नायू कामाला लागतात. त्यानं पुष्कळ फरक पडला, पण दुखऱ्या मनगटाला तेवढा पुरेना.

सिग सॉअरचं पी३६५, २०१८ चं. नाइन एमएम, दहा गोळ्यांचं मॅगझिन आणि तरीही एवढंसं. मला ते विलक्षण आवडलं. हिच्या तिसऱ्याच गोळीला झाडलेल्या गोळीचं रिकामं टरफल बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभं अडकलं, नंतर पुन्हा एकदा. दोष पिस्तुलाचा नव्हता. मनगट सैल पडलं की धक्क्याबरोबर अख्खं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला मागे जायला आधार उरत नाही आणि टरफल अडकतं. तेच पिस्तूल माझ्या हातात एकदाही अडलं नाही. मी “छान चालतंय की” म्हणणार होतो आणि गप्प बसलो, कारण माझ्या हातात कसं चालतं याचा इथं काही संबंध नव्हता.

एक टरफल त्या दिवशी तिच्या टी-शर्टच्या गळ्यातून आत गेलं. ते भाजतं, अगदी फोड येईल इतकं. तिनं दात-ओठ आवळले, नळी समोरच ठेवली, पिस्तूल फळीवर ठेवलं आणि मगच मागे वळली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो क्षण मी विसरणार नाही. (रेंजवर जाणाऱ्या बायकांनी बंद गळ्याचा कपडा आणि पुढे झाप असलेली टोपी घालावी. कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. परतल्यावर काही खाण्याआधी हात साबणानं धुवावेत, शिशाची धूळ असते.)

तिसऱ्या शनिवारी बाईंनी तिला ग्लॉक १९ दिलं. माझ्या मनात हे यादीतही नव्हतं, फार मोठं म्हणून. रिकामं सहाशे सत्तर ग्रॅम. आणि हिचे दहापैकी नऊ ठसे कागदावरच्या थाळीएवढ्या गोलात. मी नकळत उठून उभा राहिलो. नाइन एमएमच, पण धक्का त्या लहान पिस्तुलांपेक्षा कितीतरी मऊ. बाईंनी तिला विचारलं, “हे कुठं ठेवणार आहेस?” “पलंगाशेजारी, कुलपात.” “मग लहान कशाला शोधतेस?”

हा प्रश्न मी किंवा हिनं स्वतःला महिनाभरात विचारला नव्हता. ती हॉस्पिटलात पिस्तूल नेऊ शकत नाही, तिथं नियमानं बंदी आहे. पार्किंगमधल्या स्वतःच्या बंद गाडीत ठेवायला टेक्सासचा कायदा मुभा देतो, पण गाडीतून पिस्तुलं चोरीला जातात आणि आपलं हत्यार चोराच्या हाती जावं हे तिला मान्य नव्हतं. म्हणजे ते घरातच राहणार. पर्समध्ये मावायची अट आम्हीच घातली होती.

ग्लॉक मात्र ठरलं नाही. मूठ नीट धरली तर बोटाचं फक्त टोक चापाला लागायचं, आणि चापापर्यंत पोचायचं तर मूठ फिरवावी लागायची. शेवटी तिनं निवडलं ते स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, ३८० चं. २०१८ चं मॉडेल, आठ गोळ्यांचं मॅगझिन, सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. यात नळी आणि स्लाइड अडकवलेली असतात, म्हणून स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि स्लाइड दोन बोटांनीही मागे येते. मॅगझिनला बाजूला लहानसं बटण आहे, ते खाली दाबत गोळ्या भरायच्या. हिच्या अंगठ्याचा त्रास वाचला. मुठीच्या मागे सेफ्टी आहे, पूर्ण पकडल्याशिवाय गोळी सुटत नाही.

३८० वर माझी शंका होती आणि ती मी विचारल्यावर बोलून दाखवली. एफबीआयच्या चाचणीत गोळी मांसासारख्या घट्ट जेलीत किमान बारा इंच जावी लागते, आणि आखूड नळीतून सुटणाऱ्या ३८० च्या पोकळ टोकाच्या, लागल्यावर उमलण्यासाठी केलेल्या पुष्कळ गोळ्या एकतर उमलत नाहीत किंवा उमलल्या तर तेवढ्या खोल जात नाहीत. नाइन एमएम सरस आहे, यात वाद नाही. हिनं ऐकून घेतलं आणि रेंजवरचे नेमाचे दोन कागद समोर ठेवले. एक पी३६५ चा, एक ईझीचा. “यानं मी दर आठवड्याला सराव करीन. त्यानं करणार नाही, मनगट दुखेल म्हणून टाळीन. मला मी ओळखते.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३८० च्या गोळ्या नाइन एमएमपेक्षा महाग पडतात, तेवढं सोसायचं ठरवलं.

पण घेण्याआधी तिनं मला एका संध्याकाळी समोर बसवलं. बोलणं औषधं देणाऱ्या माणसाचं होतं. अमेरिकेत बंदुकीनं जे मरतात त्यांतले निम्म्याहून जास्त आत्महत्या करणारे असतात, हे तिला कामामुळे पक्कं माहीत आहे. घरात वयात येणारा मुलगा. “चोर कदाचित कधीच येणार नाही. मुलगा रोज घरात आहे.” आम्ही लिहून ठेवलं: कुलूप नसलेल्या जागी पिस्तूल एक मिनिटही राहणार नाही, तिघांपैकी कुणाचंही मन फार खचलेलं दिसलं तर ते त्याच दिवशी घराबाहेर जाईल, आणि कुणाकडे ठेवायचं तेही आधी ठरवलं. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे. आम्हाला कायद्याची भीती त्यातली सर्वांत लहान होती.

पेटी पोलादी, पलंगाच्या चौकटीला बोल्टनं आवळलेली. बोटाच्या ठशाची घेतली नाही. घामेजलेल्या हातानं ती दुकानातच तीनदा उघडली नाही. पाच बटणांची यांत्रिक घेतली, अंधारात चाचपून उघडते. आणखी एक गोष्ट केली ती मला फार महत्त्वाची वाटते. इथल्या घरांच्या भिंती जिप्समच्या फळ्यांच्या. कुठल्याही पिस्तुलाची गोळी त्यांच्या आरपार जाते. आम्ही रिकाम्या हातांनी घरभर फिरलो, प्रत्येक ठिकाणी उभं राहून बोट रोखलं आणि भिंतीपलीकडे कोण झोपलंय ते पाहिलं. जिन्याच्या वरच्या टोकावरून उजवीकडे मुलाची खोली येते. म्हणून ठरलं की आवाज झाला तर मुलगा आमच्या खोलीत येईल, दार बंद होईल, ही पलंगापलीकडे बसेल आणि ९११ वर बोलत राहील. घरात हिंडून कुणाला शोधायचं नाही.

खरेदी तिनं स्वतः केली. नवऱ्यानं भेट म्हणून देणं कायद्यात बसतं, पण बंदूक घेताना भरायच्या सरकारी फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार कोण हे विचारतात आणि तिथं तिला तिचंच नाव हवं होतं. जन्मस्थान, नागरिकत्व, ग्रीन कार्डावरचा क्रमांक, गुन्हे, व्यसनं, सगळं भरायचं. मग दुकानदार एफबीआयकडे चौकशी करतो. आमचं उत्तर आलं “डिलेड”, थांबा. दोन दिवसांनी मंजुरी आली आणि ती कामावरून परतताना घेऊन आली.

पहिल्या दोनशे गोळ्या एकही न अडता गेल्याशिवाय पिस्तूल भरून पेटीत ठेवायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. तीन रविवार लागले. मग रात्रीचा सराव, नकली गोळ्या घालून. दार वाजल्याचं नाटक मी करायचो. पहिल्याच वेळी हिला इंग्रजीत इशारा द्यायचा होता, आणि तोंडून निघालं, “कोण आहे रे तिकडे?” नंतरही दोन-तीनदा तसंच. बाई म्हणाल्या, आवाज कुठल्याही भाषेत चालेल, पण ९११ ला पत्ता, अंगावरचे कपडे आणि आपल्या हातात पिस्तूल आहे हे इंग्रजीत सांगायचं, आणि पोलीस आत आले की ते पेटीत गेलेलं असायला हवं. हे वाक्य तिनं पाठ केलं. मुलानंही केलं.

टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेकांना पिस्तूल जवळ घेऊन बाहेर फिरायला परवाना लागत नाही. तरी तिनं परवान्याची परीक्षा दिली, कायद्याचा भाग नीट समजावा म्हणून. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तरला पास. तिला दोनशे एकतीस मिळाले. तो कागद तिनं औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय.

यंदा आई कणकवलीहून आली होती. चौथ्या दिवशी तिनं हिला बाजूला घेऊन विचारलं, ती वस्तू कुठं ठेवली आहे. हिनं खोलीत नेऊन पेटी दाखवली, उघडून दाखवू का विचारलं. आईनं पेटीवर हात ठेवला, बोल्ट हलवून पाहिला.

“नको गो. झिलाक सगळा सांगितलंस मा?”

“हो आई, सगळं.”

मग आईनं आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचं सांगायला सुरुवात केली. ती आढ्याला टांगलेली असायची आणि दारूची शिंगडी आजी वेगळ्या पेटाऱ्यात कुलूप लावून ठेवायची, किल्ली कमरेला. मी हे कधी ऐकलं नव्हतं.